हस्तकलेच्या विक्रीतून मुलींचं शिक्षण, परदेशातल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन: हे नीट कसं करायचं

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण बहुतेक जण नेमके तिथेच घसरतात. मुलींच्या शिक्षणासाठी हस्तकलेच्या वस्तू विकायच्या म्हटलं की सगळे आधी काय बनवायचं आणि कुठे विकायचं यावर बोलायला लागतात, पण मुलगी दिवसातले किती तास सुई हातात धरणार हे कुणी विचारतच नाही. पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली. परदेशातल्या एका विद्यार्थी गटाने तिकडे विकायला ६० बुकमार्कची ऑर्डर दिली, आम्ही सगळे खूश, आणि तीन आठवड्यांनी वर्गशिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या दोन मुलींचा गृहपाठ येत नाहीये आणि एक तर चक्क वर्गात पेंगते. ती रात्री जागून भरतकाम संपवत होती. जिच्या फीसाठी हा सगळा खटाटोप चाललेला तिचीच शाळा मागे पडत होती. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, आधी मुलीचे तास मोजायचे आणि मगच पैशांचं बोलायचं.

याला कायद्याचाही आधार आहे बरं का. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३२ आहे, त्यात मुलांच्या शिक्षणात अडथळा आणणाऱ्या कामापासून त्यांना संरक्षण द्यायचं असं स्पष्ट म्हटलंय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३ चा करार क्रमांक १३८ कामाचं किमान वय साधारण १५ धरतो, त्याआधी फक्त हलकं काम आणि तेही शाळेच्या हजेरीला धक्का लागणार नाही असंच. देशागणिक यात थोडा फरक असतो, तेव्हा तुमच्याकडचा नियम आधी वाचून घ्या. परदेशातली चांगली शाळा पार्टनर व्हायच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारते की हे बनवतं कोण, आणि त्याचं उत्तर देताना तुम्हाला चाचपडावं लागलं तर गडबड आहे असं समजा.

मी शेवटी जी पद्धत बसवली ती साधी आहे. विक्रीचा माल मोठ्या बायका बनवतात, म्हणजे मुलींच्या आया, मावश्या, काकू, १८ वर्षांवरच्या बहिणी, आणि त्यांना त्याची पूर्ण मजुरी मिळते. मुली आठवड्यातून एकदा दोन तास कला शिकतात, वर्ग असतो तसा, आणि त्यांनी बनवलेलं काही विकायला जात नाही, ते भेट म्हणून किंवा देवाणघेवाणीसाठी जातं. शिक्षणाचा वाटा विक्रीतून वेगळा निघतो. कुणी म्हणेल मुलींनी बनवलेलं असं लिहिलं की जास्त खपतं, खपत असेल, तरी मी ते करणार नाही. दुसरं म्हणजे कुणाला मदत मिळणार हे तिचा टाका किती सुबक आहे यावर कधीच ठरवू नका. जिला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा येतो पण गणितात डोकं चालतं तिचाही या पैशावर तितकाच हक्क आहे.

आता पैसे कशासाठी लागतात ते घराघरात जाऊन विचारा. फी हे एकच उत्तर धरून चालू नका. कुठे शाळा लांब आहे आणि बसचा पास परवडत नाही, कुठे शाळेत धड स्वच्छतागृह नाही म्हणून पाळी सुरू झाल्यावर मुलगी महिन्याला चार दिवस घरी बसते आणि हळूहळू बसतेच, कुठे धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी नाही. कधी परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आणि घरात पैसे यायची तारीख जुळत नाही, इतकंच कारण असतं. प्रत्येक मुलीच्या नावापुढे तिचं खरं कारण लिहा आणि त्यावरून वर्षाला किती लागतील ते काढा. एखादीच्या बाबतीत पैशाने काहीच होणार नसतं, तिथे आईवडिलांशी बसून बोलावं लागतं, आणि ते काम हस्तकला करू शकत नाही.

दोन मोठे सरकारी प्रयोग इथे डोळ्यासमोर ठेवण्यासारखे आहेत. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना स्टायपेंड द्यायला सुरुवात केली, अटी तीन होत्या, ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि शाळा संपेपर्यंत लग्न नाही. मेक्सिकोने १९९७ साली प्रोग्रेसा नावाची योजना आणली, त्यात पैसे आईच्या हातात जायचे आणि माध्यमिकच्या वर्गात मुलीसाठीची रक्कम मुलापेक्षा जास्त ठेवली होती कारण गळती तिथेच होत होती. म्हणजे पैसा कुणाच्या हातात पडतो आणि कोणत्या इयत्तेत पडतो हे रकमेइतकंच महत्त्वाचं. मी स्वतः गुणांची अट ठेवत नाही, कारण जी मुलगी अभ्यासात मागे आहे तिलाच आधार जास्त लागतो, पण हजेरी मात्र दर महिन्याला बघते. हजेरी घसरली की पैसे थांबवत नाही, घरी जाऊन येते.

मग वस्तू. हलकी, सपाट, न फुटणारी, आणि ज्याला मापाची भानगड नाही अशी. बुकमार्क, छोटे पाऊच, पेन ठेवायची थैली, गोफ विणून केलेली ब्रेसलेट, कापडी कव्हर घातलेल्या वह्या. कपडे नकोत, साइजवरून परत येतात. लहान मुलांची खेळणी तर अजिबात नकोत, अमेरिकेत २००८ च्या कायद्यानुसार १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या वस्तूंना शिशासारख्या गोष्टींची मर्यादा आणि टेस्टिंग लागतं, युरोपात खेळण्यांचे वेगळे नियम आहेत, छोट्या गटाला ते झेपत नाही. शिंपले, पोवळं, पिसं, काही जातींचं शिसवी लाकूड यांच्यापासूनही लांब राहा, कारण दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या, १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स करारात यातल्या बऱ्याच गोष्टी येतात आणि पार्सल कस्टममध्ये अडकतं. सुरुवातीला तीनच वस्तू ठेवा, वर्षभर त्याच चांगल्या करा.

किंमत काढताना अंदाज चालत नाही, घड्याळ लावून बसायचं. आम्ही एक बुकमार्क तीन बायकांना करायला दिला, एक झपाझप हात चालणारी, एक मध्यम, एक नवीन, आणि कापड कापण्यापासून इस्त्री करून पिशवीत घालेपर्यंत प्रत्येकीचा वेळ लिहिला. सगळ्यांना वाटत होतं अर्ध्या तासाचं काम आहे. सरासरी निघाली ७० मिनिटं. नक्षी छापायला, दोरा बदलायला, मागच्या गाठी कापायला आणि कडा तुरपायला लागणारा वेळ कुणी धरलेलाच नव्हता! म्हणजे आम्ही आधी जी किंमत ठरवली होती त्यात बायकांना निम्म्याहून कमी मजुरी मिळत होती आणि शिक्षणाचा वाटा त्यांच्याच खिशातून जात होता. म्हणून आधी कच्चा माल, मग खरा वेळ धरून स्थानिक किमान वेतनापेक्षा कमी नाही अशी मजुरी, मग वाया जाणाऱ्या मालाचा थोडा भाग, पॅकिंग, पोस्ट, बँकेचे चार्जेस, आणि हे सगळं झाल्यावर वर शिक्षणाचा वाटा, असं चढत जा. शेवटी येणारी किंमत कुणी देणार नसेल तर वस्तू बदला, मजुरी कापू नका. आणि हो, हा हिशोब मुलींना करायला द्या. शेकडेवारी आणि सरासरी पुस्तकात शिकून जी डोक्यात बसत नाही ती इथे बसते, आमच्या एका मुलीनेच माझ्या हिशोबात बँकेचा चार्ज राहिलाय हे दाखवून दिलं होतं.

उधारीचं आत्ताच ठरवून टाका. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९७८ साली आरोंग हे दुकान काढलं त्यामागे मोठं कारण हेच होतं की कारागीर बायकांना दुकानदारांकडून पैसे मिळायला महिनोन्‌महिने लागायचे. फेअर ट्रेड, म्हणजे बनवणाऱ्याला रास्त मोबदला देणारा व्यापार, त्याच्या जागतिक संघटनेची जी १० तत्त्वं आहेत त्यातही हस्तकलेच्या ऑर्डरला मागितल्यास निदान ५० टक्के आगाऊ रक्कम बिनव्याजी द्यावी असं आहे. परदेशातल्या विद्यार्थ्यांना हे मोकळेपणाने सांगा, त्यांना माहीत नसतं एवढंच. निम्मे आधी, उरलेले माल पोचल्यावर ठरलेल्या दिवसांत, आणि न विकलेला माल परत पाठवायचा नाही. परत पाठवायचा खर्च सगळा नफा खाऊन टाकतो.

तपासणी करताना वस्तू आधी उलटी करा. उजवी बाजू सगळ्याच जणी छान करतात, खरं काम उलट्या बाजूला कळतं. एका पाऊचचं सांगते. वरून निळं फूल इतकं सुरेख होतं की हातातून ठेववत नव्हतं, आतून बघितलं तर एका पाकळीवरून दुसऱ्या पाकळीवर दोरा तसाच लांब ओढून नेलेला, अस्तर नाही, आत पेन घातलं की क्लिप त्याच दोऱ्यात अडकणार आणि फूल सुरकुतणार. बोटभरापेक्षा लांब उडी असेल तर दोरा तोडून गाठ मारून नवीन सुरुवात करायची, हे तेव्हापासून ठरलं. रंग जातो का बघायला पांढरं ओलं फडकं दहा वेळा जोरात घासायचं, मणी असेल तर नखाने ओढून बघायचा, चेन शंभर वेळा उघडबंद करायची, कंटाळवाणं आहे पण मुली हे काम हसतखेळत करतात. आणि मान्य झालेला एक नमुना तुमच्याकडे, एक पार्टनरकडे ठेवा, म्हणजे नंतर वाद होत नाहीत.

पार्टनर शोधताना एकट्या उत्साही विद्यार्थ्याच्या मागे लागू नका, शाळेतली एखादी जबाबदार शिक्षिका सोबत असलेला गट हवा. युनेस्कोचं असोसिएटेड स्कूल्स नेटवर्क १९५३ पासून आहे, आयअर्न हे नेटवर्क १९८८ पासून शाळांना एकत्र प्रोजेक्ट करायला जोडून देतं, रोटरीचे १२ ते १८ वयाच्या मुलांसाठीचे इंटरॅक्ट क्लब १९६२ पासून चालू आहेत. तुमच्या शाळेतून गेलेलं कुणी परदेशात शिकत असेल तर ती वाट सगळ्यात सोपी. पहिल्या पत्रात लांबलचक करुण कहाणी नको. आम्ही कोण, किती बायका काम करतात, किती मुली शिकतात, तुमच्याकडून काय हवंय, आणि तुम्हाला काय देऊ शकतो, एवढं एका पानात लिहा.

तुम्हाला काय देऊ शकतो, हा भाग लोक विसरतात आणि मग सगळं दान होऊन बसतं, एका बाजूला देणारे आणि दुसऱ्या बाजूला हात पसरलेले. आमच्याकडे याचा सूर बदलला तो एका व्हिडिओने. मुलींनी साखळी टाका कसा घालायचा याचा चार मिनिटांचा व्हिडिओ बनवला, फक्त हात दिसतात, सुई खालून वर आणायची, दोऱ्याचा वेढा अंगठ्याने धरून ठेवायचा, त्याच भोकाशेजारी सुई परत खाली घालायची आणि वेढ्यातून वर काढायची. तिकडच्या मुलामुलींनी करून फोटो पाठवले, वेढे कुठे ढगळ, कुठे इतके ताणलेले की कापड गोळा झालेलं. आमची सातवीतली मुलगी, जी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नव्हती, तिने एकेका फोटोवर बाण काढून लिहिलं की इथे दोरा सैल सोडा, इथे अंतर सारखं ठेवा. चुकीच्या स्पेलिंगसकट. आणि ते तिकडे समजलं, पुढच्या फोटोत टाके सुधारले होते. त्या दिवसापासून ती शिक्षिका आणि ते विद्यार्थी असं नातं झालं, आणि तिच्या इंग्रजीत जो फरक पडला तो कुठल्याही क्लासने पडला नसता. बदल्यात तिकडची मुलं आठवड्यातून एकदा वाचन किंवा गणित घेतात. महिन्यातून एक असा तास ठेवा जिथे विक्रीबद्दल एक शब्द नाही.

व्हिडिओ कॉलची वेळ ठरवताना घड्याळ बदलण्याचं लक्षात ठेवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत मागे येतात. आमच्या मुली एकदा तासभर स्क्रीनसमोर बसून राहिल्या होत्या, वाईट वाटलं त्यांना.

सुरक्षिततेबद्दल मात्र मी कडक आहे आणि तुम्हीही राहा. मुलीचं पूर्ण नाव, शाळेचं नाव, घराचा पत्ता यातलं काही टॅगवर किंवा पोस्टमध्ये जाणार नाही. फोटोसाठी पालकांची लेखी परवानगी तर हवीच, पण मुलीलाही वेगळं विचारा, आणि तिने नको म्हटलं तर विषय तिथेच संपला. पत्रं आणि मेसेज दोन्हीकडच्या शिक्षकांच्या नजरेखालच्या ग्रुपमधून, खासगी नंबर कुणाचे कुणाला नाहीत. टॅगवर गरिबीची गोष्ट लिहायची नाही, टाक्याचं नाव लिहा, किती वेळ लागला ते लिहा, यातला वाटा शिक्षणाला जातो ते लिहा. कुणाच्या घरातली अडचण हे विकायचं सामान नाही. ती मुलगी पुढे मोठी होऊन कधीतरी तो टॅग वाचेल हे डोक्यात ठेवून प्रत्येक ओळ लिहायची.

पाठवण्याचं थोडक्यात. पोस्टाच्या लहान पार्सलला सीएन २२ आणि जास्त किमतीच्या पार्सलला सीएन २३ हा कस्टमचा फॉर्म लागतो, त्यात वस्तू नेमकी काय, कशाची, किती, वजन आणि खरी किंमत लिहायची. हँडिक्राफ्ट असं मोघम लिहू नका, कॉटनचं भरतकाम केलेलं पाऊच असं लिहा, आणि एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी वस्तूच्या प्रकाराला असलेला क्रमांक, त्याचे पहिले ६ आकडे पार्टनरकडून पडताळून घ्या, ते जगभर सारखे असतात. विक्रीचा माल गिफ्ट म्हणून दाखवायचा मोह होतो, सल्लाही मिळतो, तो ऐकू नका, खोटं लिहून मुलींच्या शिक्षणाचं काम करायचं नाही. नियम बदलत राहतात, युरोपियन युनियनने १ जुलै २०२१ पासून छोट्या पार्सलवरची व्हॅटची सूट काढली, अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली ड्युटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली, त्यामुळे प्रत्येक मोठ्या ऑर्डरच्या आधी ड्युटी कोण भरणार हे विचारून घ्या. वर्षअखेरीच्या विक्रीचा माल असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निघालाच पाहिजे असं धरून मागे मोजत या, आणि त्या मोजणीत मुलींच्या परीक्षेचे आठवडे आले तर तेवढे दिवस त्यांचा कलेचा तास बंद.

पैसे आले की विक्रीचे वेगळे आणि देणगीचे वेगळे, पहिल्या दिवसापासून. परदेशी देणगी घ्यायला बऱ्याच देशांत वेगळी नोंदणी लागते आणि विक्रीच्या पैशाचे नियम निराळे असतात, तेव्हा पहिला पैसा यायच्या आधी हिशोबनीसाला दाखवा, नंतर निस्तरणं फार अवघड जातं. फी शक्यतो थेट शाळेत भरा आणि पावती ठेवा, बसपास, पुस्तकं, पॅड यांचे पैसे आईच्या हातात द्या. दर तीन महिन्यांनी एक पानाचा हिशोब, किती विकलं, मजुरी किती गेली, शिक्षणाला किती, शिल्लक किती, बायकांना वाचून दाखवायचा आणि तोच पार्टनरला पाठवायचा. दोघांना वेगवेगळा हिशोब दाखवायची वेळ आली तर थांबून चूक शोधा.

आणि मुली जास्त घेऊ नका. सगळ्यात जास्त कळकळीने मला हेच सांगायचंय. पहिल्या वर्षी चांगली विक्री झाली की वाटतं अजून दहा जणींना घेऊया, आणि पुढच्या वर्षी विक्री निम्मी झाली की नववीतल्या मुलीला सांगायला जावं लागतं की यंदा जमणार नाही. ते तोंड मी पाहिलंय. आता आम्ही जितक्या मुली घेतो त्यांच्या पुढच्या पूर्ण वर्षाचे पैसे आधी बाजूला ठेवतो आणि मगच नवीन नाव लिहितो. पाच जणी शाळा पूर्ण करतील तर पाचच घ्या.

शेवटचं म्हणजे तिकडचे विद्यार्थी दरवर्षी पास होऊन जातात. ज्या मुलीने सगळं उभं केलं ती कॉलेजला गेली की ईमेलला उत्तर यायचं बंद होतं, यात तिचा दोष नाही. म्हणून पहिल्याच वर्षी दोन गोष्टी मागून घ्या, गटात निदान एक जण खालच्या वर्गातला हवा, आणि वर्ष संपायच्या दोन महिने आधी नव्या जोडीसोबत एकत्र कॉल व्हायला हवा. त्या कॉलसाठी एक फाइल तयार ठेवा, त्यात मान्य नमुन्यांचे फोटो, किमतीचा तक्ता, कस्टमचे कोड, मागच्या ऑर्डरच्या तारखा आणि काय बिघडलं होतं ते. आमची फाइल आता आठवीच्या दोन मुली सांभाळतात, मे महिन्यात नवीन गटाशी ओळख त्यांनीच करून दिली, मी बाजूला बसून फक्त इंटरनेट बघत होते.